जुळवलेल्या तुकड्याचा भरवसा

३ जुलै २०२४, बुधवार. खांब

सकाळपासून पावसाने उसंत दिलेली नाही. लावणीला माणसं मिळतात का बघायला बाबा देवकान्ह्याकडे गेलेत, आई खाली स्वयंपाकात, आणि मी माडीवर पुण्याच्या ऑफिसचं काम उघडून बसले आहे. टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलाने एक बदल तपासायला पाठवलाय. कोड थोडाच आहे, पण मागणी मोठी आहे. एखादी डिस्क गेली की तिच्यावरचा डेटा आपण उरलेल्या डिस्कवरून जुळवून काढतो, वाचणाऱ्याला देतो आणि फेकून देतो. त्याचं म्हणणं, फेकू नये. कॅशेत ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी तयारच मिळेल.

त्याचा हिशोब चोख आहे. आठ डिस्कचा संच घेऊ, त्यात एका डिस्कइतकी जागा पॅरिटीची. एक डिस्क गेली. तिच्यावरचा ४ केबीचा तुकडा हवा असेल, तर उरलेल्या सातही डिस्क वाचाव्या लागतात. ६४ केबीचा सलग मजकूर कोणी चार-चार केबीने मागितला, तर १६ वेळा सात, म्हणजे ११२ वाचनं. पहिल्याच मागणीला पूर्ण ६४ केबी जुळवून ठेवला, तर सातांत भागतं. डिस्क आधीच मोडकळीला आलेली असताना उरलेल्यांवरचा असा भार कमी होणार असेल, तर कोण नको म्हणेल?

तरी मी लगेच होकार दिलेला नाही. कारण पॅरिटी खरं-खोटं जाणत नाही. हे कागदावर मांडूनच त्याला दाखवायचं ठरवलं. तीन डिस्कवर चार-चार बिटं: अ वर १०११, ब वर ०११०, क वर ११००. एकाखाली एक मांडून प्रत्येक रकान्यातले एक मोजायचे. विषम आले तर १, सम आले तर ०. पॅरिटी येते ०००१. आता अ गेली असं समजू. ब, क आणि पॅरिटी यांची तशीच मांडणी केली की १०११ परत मिळते. इथपर्यंत सगळं सुंदर. पण क वरचं एक बिट कधीतरी आपोआप पालटलं असेल, ११०० चं १११० झालं असेल, तर तोच हिशोब १००१ देतो. कुठे अडखळत नाही, कुरकुर नाही. चुकीचं उत्तर बरोबर उत्तराइतक्याच ठामपणे देतो.

१९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’चा, म्हणजे अनेक डिस्कचा असा एक संच करण्याचा, निबंध लिहिला. त्यात डिस्क एक तर चालते नाहीतर मेलेली असते. हळूच खोटं बोलणाऱ्या डिस्कचा विचार फाइल सिस्टिमवाल्यांना पुढे करावा लागला.


४ जुलै, गुरुवार

वीज दुपारी गेली ती रात्री आली. इन्व्हर्टर तासाभरात संपला. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हापासून मी घरातल्या कुठल्याही यंत्राचा हिशोब ‘वीज जाणारच’ इथून सुरू करते.

विजेचा आणि पॅरिटीचा संबंध जवळचा आहे. नवा डेटा लिहिला गेला आणि त्याची पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली, तर दोघांचं जुळत नाही. ते तेव्हा कळत नाही. पुढे कधीतरी डिस्क मरते आणि त्या विटलेल्या पॅरिटीवरून आपण जुळवणी करायला बसतो तेव्हा कळतं. याला ‘राइट होल’ म्हणतात. लिनक्सच्या जुन्या ‘एमडी’ रेडने त्यासाठी वेगळी नोंदवही ठेवायची सोय केली. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स यांनी झेडएफएस ही फाइल सिस्टिम बांधली, तिने लिहिण्याची पद्धतच बदलली: अर्धवट स्ट्राइपवर (डेटा आणि पॅरिटी मिळून डिस्कांवर पसरलेली एक ओळ) लिहायचंच नाही, दर वेळी नवी स्ट्राइप पॅरिटीसकट पूर्ण लिहायची. लिनक्सच्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमच्या रेड पाच आणि सहामध्ये (एक पॅरिटी ती पाच, दोन ती सहा) हे भोक अजून आहे, आणि तिच्या स्वतःच्या दस्तऐवजात ते लपवलेलं नाही. ही गोष्ट मला फार आवडते.


७ जुलै, रविवार

भाचा आलाय. रोह्याच्या कॉलेजात विज्ञान शाखेला आहे. मी आठवडाभर कशात डोकं घातलंय ते त्याला जाणून घ्यायचं होतं. जेवणानंतर वही घेऊन बसलो.

“आत्या, एवढं वाचायला लागतं तर एकदा वाचलेलं मेमरीत ठेवत का नाहीत?”

“ठेवतात की. तोच तर विषय आहे.”

ही सोय कुठून आली ते त्याला सांगितलं. बीटीआरएफएस ख्रिस मेसन यांनी ओरॅकलमध्ये असताना २००७ साली सुरू केली. २००९ मध्ये ती लिनक्स कर्नलमध्ये आली आणि रेड पाच-सहाचा कोड २०१३ मध्ये. तिच्यात प्रत्येक डिस्कवरचा पट्टा ६४ केबीचा असतो, आणि सगळ्या डिस्कवरचे असे पट्टे पॅरिटीसकट मिळून एक पूर्ण स्ट्राइप. त्यातल्या चारच केबी बदलायच्या असल्या, तरी नवी पॅरिटी काढायला बाकीचा मजकूर वाचावा लागतो. वाचा, बदला, लिहा. लगेच पुढच्या चार केबींसाठी पुन्हा तेच. म्हणून मेसन यांनी एक स्ट्राइप-कॅशे घातली: नुकत्याच हाताळलेल्या १०२४ स्ट्राइप मेमरीत राहतात, नवी आली की सगळ्यांत जुनी बाहेर. पुढचं लिहिणं त्याच स्ट्राइपवर आलं, तर ते जुन्या कामाच्या हातातली मेमरीची पानं सरळ काढून घेतं. कोडमध्ये त्या फंक्शनचं नावच ‘स्टील’ आहे.

भाच्याला चोरी आवडली. “मग जुळवलेलं पण चोरू दे ना पुढच्याला.”

त्याला म्हटलं, याच प्रश्नावर पुण्यातला एक मुलगा माझ्या उत्तराची वाट बघतोय.


१० जुलै, बुधवार

आज पहाटे उठून बीटीआरएफएसमधला २०१८ चा एक जुना बदल ओळीओळीने वाचला. लिऊ बो या अभियंत्याचा. त्याचा सगळा आशय एका वाक्यात मावतो: रेड सहाची दुहेरी जुळवणी झाली असेल, तर ती पानं कॅशेत ठेवू नका. एका तुकड्याची जुळवणी असेल तर ठेवा. दोन तुकड्यांची असेल तर नाही. वरवर बघता विचित्र वाटतं. दोन तुकडे जुळवायला कष्ट जास्त, तेच आधी राखायला हवेत की नाही?

पण रेड सहामध्ये नक्की काय होतं ते मी पाच डिस्कवर मांडून पाहिलं. अ, ब, क या डेटाच्या. पी ही साधी पॅरिटी. आणि क्यू ही दुसरी, गाल्वाच्या सान्त क्षेत्रात गुणाकार करून काढलेली. (विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मेलेल्या एका मुलाचं गणित १८३२ पासून वाट बघत होतं आणि आज प्रत्येक डेटा सेंटरमध्ये राबतं आहे. मला याचं नवल कधीच संपत नाही.) पी आणि क्यू दोन्ही असल्या, की कुठलेही दोन तुकडे गेले तरी परत मिळतात. अट एकच. कुठले दोन गेलेत ते आपल्याला माहीत हवं.

मेलेली डिस्क ओळखू येते. खोटं बोलणारी येत नाही. वाचणाऱ्याने अ मागितला. अ आला, पण चेकसम (लिहिताना मजकुरावरून काढून वेगळी ठेवलेली पडताळणीची संख्या) जुळला नाही. म्हणजे अ खराब, हे पक्कं. पहिला प्रयत्न: ब, क आणि पी वरून अ काढा. काढला, चेकसम पुन्हा जुळत नाही. म्हणजे उरलेल्यांतलं आणखी कोणीतरी खोटं बोलतंय. कोण? कोडला माहीत नाही. तो एकेकावर संशय घेत जातो. दुसऱ्या प्रयत्नाला पी वर संशय: पी सोडून क्यू वरून काढा. तिसऱ्याला क वर: अ आणि क दोन्ही खराब धरा आणि ब, पी, क्यू वरून दोन्ही काढा. चौथ्याला ब वर.

आता समजा, खरा गुन्हेगार ब आहे. तिसऱ्या प्रयत्नात कोडने क वर संशय घेतला. क डिस्कवर धडधाकट होता. पण त्याला खराब धरल्यामुळे मेमरीतल्या क च्या जागी जुळवलेला नवा क लिहिला गेला, आणि तो जुळवला होता खोट्या ब च्या आधाराने. म्हणजे मेमरीतला क आता चुकीचा आहे, डिस्कवरचा अजून बरोबर आहे. अ चा चेकसम अर्थातच जुळला नाही. चौथा प्रयत्न: ब खराब धरा, आणि अ व ब काढा क, पी, क्यू वरून. हा योग्य संशय. डिस्कवरचा क वाचला, तर अ हमखास मिळतो. पण तिसऱ्या प्रयत्नाची पानं कॅशेत राहिली असतील, तर चौथा प्रयत्न डिस्कपर्यंत जातच नाही. तो कॅशेतला बनावट क उचलतो. अ पुन्हा चुकतो. सगळे संशय संपले. वाचणाऱ्याला ‘इनपुट-आउटपुट एरर’.

पाचही डिस्क फिरताहेत, हवा असलेला मजकूर पूर्णपणे परत मिळण्यासारखा आहे, आणि तरी तो गेला. गणित बरोबर होतं. मधल्या एका अंदाजाला आपण सत्य म्हणून जपून ठेवलं, एवढंच झालं. आणि हे वाचण्याच्या वेळचं झालं. पुढच्या कुठल्या लिहिण्याने ती पानं उचलली, तर बनावट मजकुरावरून नवी पॅरिटी निघते आणि डिस्कवर जाते. मग बरोबर उत्तर कुठेच शिल्लक राहत नाही.

लिऊ बो यांनी नेमकी तीच वाट बंद केली. एकट्या तुकड्याच्या जुळवणीत बाकीचे तुकडे डिस्कवरून वाचले तसेच मेमरीत राहतात, त्यांना कोणी हात लावत नाही. दुहेरीत मात्र संशयितालाही खोडून नव्याने लिहिलं जातं. कोडमध्ये या निर्णयावर एक लांब टीप आहे. कर्नलचे लोक टिपांच्या बाबतीत कंजूष असतात. तरी इथे कोणीतरी बसून का ठेवायचं नाही ते नीट लिहून ठेवलं. त्या टिपेमुळे आज मी खांबमध्ये बसून हे समजू शकले.


१२ जुलै, शुक्रवार

दिवसभर लावणी. कंबर धरली आहे. आज मशीन उघडलं नाही.


१७ जुलै, बुधवार. आषाढी

साबुदाणा, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी. टीव्हीवर पंढरपूर. बाबांनी विचारलं, तुझं ते अडलेलं काम सुटलं का? मी लिऊ बोंची गोष्ट त्यांना सोपी करून सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे फेरफार मंजूर व्हायच्या आधीच सातबाऱ्यावर चढवला.”

याहून नेमकं मला सुचलं नसतं. जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठी आधी फेरफार वहीत नोंद धरतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. वहीत नोंद आली म्हणजे ती खरी ठरली असं नाही. जुळवलेल्या तुकड्याचीही तीच स्थिती असते. तो कामापुरता हातात असावा, पण तपासणाऱ्याची सही होईपर्यंत मूळ उताऱ्याच्या जागी बसू नये. इथे सही करणारा म्हणजे चेकसम.

बाबांचं वाक्य मी तसंच त्या मुलाला लिहून पाठवलं. त्याचं गाव पुरंदरकडचं, त्याला लगेच कळलं. त्याने उलट विचारलं: “मॅडम, मग चेकसम जुळल्यावर तरी कॅशेत ठेवू का?” प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायला अजून वाचायला हवं.


२० जुलै, शनिवार

उत्तराचा पुढचा भाग सापडला, आणि तो २०१८ च्या नियमाहून कडक निघाला. २०२२ मध्ये च्यू वेनरुओ यांनी बीटीआरएफएसमध्ये बदल केला: जुळवणीच्या वाटेवर कॅशेतल्या एकाही तुकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. शाबूत तुकडे दर वेळी डिस्कवरून नव्याने वाचायचे.

का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आमच्या कोडलाही ते तंतोतंत लागू आहे. कॅशेत पानं येतात ती बऱ्याचदा लिहिण्याच्या वाटेने. कोणीतरी ब मध्ये चार केबी बदलल्या, म्हणून पॅरिटीसाठी अ आणि क वाचले गेले. अ आणि क कोणा वापरणाऱ्याने मागितले नव्हते. म्हणून त्यांचे चेकसम कोणी तपासले नाहीत. त्यांतला एखादा शिळा असू शकतो. समजा, एखादी डिस्क मधे काही काळ निखळली होती, तेवढ्यात बाकीच्यांवर नवं लिहिलं गेलं, आणि मग ती जुनाच मजकूर घेऊन परत जोडली गेली. असा न तपासलेला तुकडा कॅशेत बसतो आणि पुढे जुळवणीच्या वेळी साक्षीदार म्हणून उभा राहतो.

त्याच्या पुढची पायरी कर्नल ६.२ मध्ये आली, २०२३ च्या फेब्रुवारीत. अर्धवट स्ट्राइपवर लिहिण्याआधी जे डेटाचे तुकडे वाचले जातात, त्यांचे चेकसम आता तिथल्या तिथे तपासले जातात. एखादा खराब निघाला तर आधी तो जुळवून दुरुस्त होतो आणि मगच नवी पॅरिटी निघते. त्याआधी खराब तुकडा तसाच धरून नवी पॅरिटी काढली जायची, म्हणजे दुरुस्तीचं एकमेव साधन आपल्याच हाताने बिघडवलं जायचं. रेड पाच-सहाचा कोड आला २०१३ ला आणि ही तपासणी दहा वर्षांनी. उशीर झाला हे खरंच. पण ज्यांनी हे काम हाती घेतलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. यात नाव नाही, नवं फीचर म्हणून मिरवता येत नाही, आणि बरोबर झालं तर कोणाला काही जाणवतही नाही.

तपासणीची मर्यादाही आहे. ज्या डेटाला चेकसमच नाही, म्हणजे जागेवरच्या जागी लिहायची मुभा दिलेल्या फाइली, त्यांना ती वाचवू शकत नाही. मेटाडेटालाही, म्हणजे फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींनाही, ती लागू नाही. म्हणून मेटाडेटा रेड सहावर न ठेवता तीन प्रतींच्या आरशात ठेवावा असं सांगतात. ती सोय कर्नल ५.५ पासून आहे.

झेडएफएसची रीतही चाळली. तिथे रेड-झेड ही तिची स्वतःची रेड जुळवणीत एकेक संशय घेऊन पाहते तेव्हा मूळ तुकडा बाजूला जपून ठेवते, आणि चेकसम जुळला नाही तर तो जागेवर परत ठेवते. मग पुढचा संशय. वरच्या कॅशेत जातं ते चेकसम जुळलेलं. ती कॅशे आयबीएममधल्या निम्रोद मेगिड्डो आणि धर्मेंद्र मोधा यांच्या २००३ च्या पद्धतीवर बेतलेली आहे. मोधा आपल्या पवईच्या आयआयटीचे.


२५ जुलै, गुरुवार

पाऊस भयंकर. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. ऑफिसातल्या दोघांना घर सोडावं लागलं. सगळे सुखरूप आहेत. इकडे कुंडलिका दुथडी भरली आहे आणि कोलाडकडून येणारे रस्त्याची स्थिती सांगत नाहीत, नुसता हात हलवतात.

आईचं लक्ष कशात नव्हतं. तिचं माहेर नागोठण्याचं. १९८९ च्या जुलैत, याच दिवसांत, अंबा नदीचं पाणी चढलं होतं. वर जांभुळपाड्यात तर हाहाकार झाला. तिच्या वडिलांची कागदपत्रांची पेटी पाण्यात गेली. हाती लागलं तेवढं त्यांनी कौलारू पडवीत दोरीवर वाळवलं. शाई पसरलेली, मोडीतले काही कागद एकमेकांना चिकटलेले. एका जुन्या वाटणीपत्रात मधल्या चार ओळी गेल्या होत्या. घरातल्या मोठ्यांनी आठवून त्या सांगितल्या आणि आजोबांनी त्या वेगळ्या कागदावर लिहून मूळ कागदाला टाचल्या. मूळ कागदावर काहीही लिहिलं नाही.

ते दोन्ही कागद आता स्कॅन करून माझ्याकडे आहेत. आज मोठे करून पुन्हा पाहिले. टाचलेल्या कागदावर वरती आजोबांच्या अक्षरात लिहिलंय: ‘आठवणीने’. खाली तारीख.


२८ जुलै, रविवार

जुळवलेलं ‘वाया जाऊ देऊ नका’ ही मागणी नवी नाही. १९९० मध्ये मुंट्झ आणि लुई यांनी सुचवलं होतं की गेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून तिच्यावर डेटा भरला जात असताना, कोणा वाचणाऱ्यासाठी मधेच जुळवलेला तुकडा तिथल्या तिथे नव्या डिस्कवरही लिहून टाकावा. ऐकायला पटतं. १९९२ मध्ये मार्क हॉलंड आणि गार्थ गिब्सन यांनी ते तपासलं आणि दाखवलं की असल्या युक्त्या नेहमी फायद्याच्या नसतात: नवी डिस्क सलग भरली जात असते तोवर वेगात चालते, मधेच इकडे-तिकडे लिहायला लावलं की तिची लय मोडते.

त्याच निबंधातली मोठी कल्पना वेगळी आहे, आणि तिथे मला एक मराठी माणूस भेटतो. पॅरिटी सगळ्या डिस्कवर एकसारखी न ताणता छोट्या गटांत पसरायची. सात डिस्क घ्या आणि तिघांचे सात गट करा: १-२-३, १-४-५, १-६-७, २-४-६, २-५-७, ३-४-७, ३-५-६. कुठल्याही दोन डिस्क बरोबर एकाच गटात एकत्र येतात. भाच्याने एकवीस जोड्या मोजून खात्री करून घेतली. आता डिस्क १ गेली. जुळवणीला लागणारे गट तीन, आणि त्यांत उरलेल्या सहाही डिस्क एकेकदाच. प्रत्येकीला स्वतःच्या मजकुराचा फक्त तिसरा हिस्सा वाचावा लागतो. कॅशे न वाढवता भार कमी झाला.

अशा मांडण्यांचं शास्त्र म्हणजे ब्लॉक डिझाइन, आणि त्यात शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचं नाव अग्रभागी आहे. १९१७ साली सागरला जन्म, नागपूरला अध्यापन, १९५० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात राजचंद्र बोस यांच्याकडे पीएच.डी. त्याच वर्षी काही मांडण्या अशक्य आहेत हे सिद्ध करणारा त्यांचा निबंध छापून आला. १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी ऑयलरचं १७८२ चं लॅटिन चौरसांबद्दलचं भाकीत खोटं ठरवलं आणि ती बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. पुढे मुंबई विद्यापीठात त्यांनी गणिताचं प्रगत अध्ययन केंद्र उभं केलं. २०२० च्या एप्रिलमध्ये ते गेले, वयाच्या १०२ व्या वर्षी. डिस्कच्या मांडणीसाठी त्यांनी हे केलं नव्हतं. पण २०२१ मध्ये ओपन-झेडएफएसच्या २.१ आवृत्तीत ‘डी-रेड’ आलं, तेही पॅरिटी अशीच पसरतं. आपल्या शाळांत त्यांचं नाव किती मुलांना सांगितलं जातं? भाच्याने पहिल्यांदाच ऐकलं. वहीच्या मागच्या पानावर त्याने ते लिहून घेतलं.


४ ऑगस्ट, रविवार. दिव्यांची आवस

आईने दिवे घासून पाटावर मांडलेत. उद्यापासून श्रावण.

काल पुण्याच्या मुलाला शेवटचं उत्तर पाठवलं. बदल घेतला, चार अटींवर. जुळवलेला तुकडा वाचणाऱ्यासाठी कॅशेत ठेवायचा, पण चेकसम जुळल्यानंतरच. संशय घेऊन केलेल्या जुळवणीत ज्यांना खोडून लिहिलं त्यांतलं काहीही ठेवायचं नाही. प्रत्येक नवा संशय डिस्कवरून वाचून सुरू करायचा. आणि पुढच्या कुठल्याही जुळवणीत किंवा पॅरिटीच्या हिशोबात हा ठेवलेला तुकडा साक्षीला घ्यायचा नाही. तो वाचून दाखवण्यापुरता. ११२ वाचनांची सातवर आलेली बचत यातही बहुतेक शाबूत राहते, कारण मोडक्या संचावर येणाऱ्या मागण्या बहुतांशी वाचण्याच्याच असतात. त्याने संध्याकाळपर्यंत चाचण्या लिहूनही दिल्या: पाच लटक्या डिस्क, त्यातल्या दोघींवर मुद्दाम खोटा मजकूर, आणि गुन्हेगार दर वेळी वेगळा. पहिल्या अटीची ओळ काढून टाकली की चाचणी पडते, हेही त्याने करून दाखवलं. उत्तम काम आहे त्याचं.

घरच्या कागदांसाठी मात्र मी पॅरिटीच्या वाटेला जात नाही. स्कॅन केलेलं सगळं मिळून एका डिस्कमध्ये मावतं. तेवढ्यासाठी दोन डिस्कचा साधा आरसा, चेकसमसकट, पुरेसा आहे. महिन्यातून एकदा स्क्रब चालवते, म्हणजे कोणी न मागितलेला तुकडाही वाचून तपासला जातो. तिसरी प्रत पेणला बहिणीकडे. नागोठण्यात पाणी चढलं म्हणून पेणच्या तिच्या तिसऱ्या मजल्यावर चढणार नाही. वाटणीपत्राच्या स्कॅनच्या दोन फाइली वेगळ्या ठेवल्या आहेत, मूळ एक, ‘आठवणीने’ एक, आणि नावातही तसंच लिहिलंय.

तुमच्या घरात असे कागद, फोटो, जुनी रेकॉर्डिंगं एकाच डिस्कवर पडून असतील, तर येत्या रविवारी दुसरी प्रत करा आणि ती दुसऱ्या गावी पाठवा. रेड असलं तरी पाठवा.